रंग सर्वांत शेवटी

जुन्या मोटारसायकलला नवा रंग देऊन, सगळे जोडून पहिल्यांदा किल्ली फिरवली, तेव्हा हेडलाइटची तार विझत आलेल्या निखाऱ्यासारखी जेमतेम लालसर झाली आणि मागचा दिवा तर लागलाच नाही. बॅटरी नवी होती, वायरिंग मी तीन रविवार खर्चून नव्याने ओढले होते आणि बल्बही तपासून घेतले होते. दोष सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. बॅटरीची अर्थची वायर (वीज लोखंडी चौकटीतून बॅटरीकडे परतते ती) ज्या बोल्टने चौकटीला आवळली होती, त्याच्याखाली माझ्याच हाताने मारलेल्या रंगाचा जाड थर होता आणि वीज केवळ बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी वाट काढत होती. नखाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडे केले, बोल्ट आवळला, वरून गंज धरू नये म्हणून थोडे ग्रीस लावले आणि दिवा लख्ख पेटला.

ही गाडी म्हणजे जावा 250, मॉडेल 353. हे मॉडेल 1954 मध्ये चेकोस्लोव्हाकियात आले. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि गिअरचाच दांडा पुढे वळवून किक म्हणून वापरायची सोय, ही तिची ओळख. तिची वीजव्यवस्था 6 व्होल्टची आहे आणि अर्थिंगच्या बाबतीत ती इतकी नाजूक का, याचे कारणही तेच आहे. 35 वॅटच्या बल्बला 12 व्होल्टवर सुमारे 3 अँपिअर पुरतात, तर 6 व्होल्टवर जवळजवळ 6 लागतात. म्हणजे वाटेत कुठेही थोडासा गंज, सैल जोड किंवा रंग आला, तर व्होल्टेजची होणारी घट दुप्पट असते आणि मुळात हाताशी असते निम्मेच व्होल्टेज.

पण खरी चूक त्या बोल्टची नव्हती, क्रमाची होती. गाडी चकचकीत दिसावी या हौसेपोटी मी इंजिनाआधी रंग उरकला आणि पुढे इंजिन दोनदा चौकटीतून उतरवावे लागल्यावर त्या रंगाचे टवके उडाले.

इंजिन आले तेव्हा जाम होते. स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये पातळ तेल ओतायचे, रोज थोडी भर घालायची आणि क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावरच्या बोल्टला पाना लावून हलक्या हाताने मागेपुढे दाब द्यायचा, असे सतरा दिवस चालले. या टप्प्यावर हातोडीचा मोह होतो. तो आवरावा, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि कनेक्टिंग रॉड वाकला तर खर्च दुप्पट होतो. अठराव्या दिवशी पाना केसभर सरकला. आवाज काहीच झाला नाही, फक्त हाताला जाणवले.

सिलिंडर उघडल्यावर आतल्या भिंतीवर रिंगांच्या जागी गंजाच्या दोन रेघा दिसल्या. नवे बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा करणे, आणि त्याला बसणारा मोठ्या मापाचा पिस्टन हे घरी होणारे काम नाही, ते यंत्रशाळेतच करून घेतले. मात्र क्रँकची ऑइल सील (दांड्याभोवती तेल आणि हवा अडवणाऱ्या कड्या) मी बदलली नाहीत, कारण ती दिसायला चांगली होती आणि ती बदलण्यासाठी इंजिनाची दोन्ही अंगे उलगडावी लागली असती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत, दाबले जाते, त्यामुळे ती जागा हवाबंद असावीच लागते. वर्षानुवर्षे पडून राहिलेले सील हाताला कडक लागते आणि फिरू लागल्यावर गळते. डायनामोच्या बाजूचे गळाले, तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन पुन्हा जाम होण्याची वेळ येते. क्लचच्या बाजूचे गळाले, तर गिअरचे तेल ओढले जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात. माझ्या गाडीने दोन्ही करून दाखवले. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन स्वतःहून पळू लागले, तेव्हा मी घाईने पेट्रोलचा कॉक बंद केला आणि दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा खाली उतरवले.

पेट्रोलच्या टाकीने मात्र अजिबात त्रास दिला नाही. ती आधी अनेकदा धुऊन वाफा पूर्ण घालवल्या, मग धुण्याच्या सोड्याचे पाणी भरले, मधोमध साध्या लोखंडाची सळई पत्र्याला न टेकता लोंबकळत ठेवली, चार्जरची ऋण तार टाकीला आणि धन तार सळईला जोडली. दोन दिवसांत गंज काळ्या चिखलासारखा सुटला. हे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूरच करावे, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. आणि सळई स्टेनलेस स्टीलची मुळीच नसावी, कारण तिच्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते.

सध्या गाडी नव्या सील्सवर शांतपणे चालते आणि अजूनपर्यंत धूर बेतानेच सोडते. चौकटीवरचे टवके मी ब्रशने बुजवले आहेत. जवळून पाहणाऱ्याला ते दिसतात. मागच्या मडगार्डला प्रायमर मारून ठेवला आहे, पण चाकाचे बेअरिंग अजून थोडे घरघरते, तेव्हा वरचा रंग ते बदलल्यावरच.