रामबागचं दार, पुढचा भाग: जॅमचा चोर सापडला

मंडळी, सापडलं एकदाचं! दाराच्या डिजिटल लॉकचा बोल्ट रोज अडकून (जॅम होऊन) ज्या बीप-बीपने अख्खं घर वैतागलं होतं आणि बाबा "तुझ्या त्या यंत्रापेक्षा आपला कडी-कोयंडा बरा" इथपर्यंत आले होते, त्याचं कारण काल रात्री हाताला लागलं, म्हणजे खरोखर बोटाला लागलं, सांगतो पुढे.

दाराची कुंडली थोडक्यात परत सांगतो. जुनं घर, सागवानी दोन झडपांचं दार, मधे एकमेकींवर बसायला अर्ध्या इंचाची खाच, म्हणून ६०६८ मॉर्टिस बॉडी (फळी कोरून तिच्या आत बसवायचा लॉकचा सांगाडा) बाद झाली (शिवाय "फळीला भगदाड पाडायचं नाही" ही आईची अट) आणि आतून बसणारा डिजिटल रिम लॉक घेतला. लॉक उजव्या झडपेवर, त्याचा बोल्ट जिच्यात शिरतो ती पेटी डावीवर.

तर लक्षण असं की सकाळी लॉक शहाण्यासारखा लागायचा आणि संध्याकाळी मोटर घुंई करायची, बोल्ट अर्धा बाहेर, ठक्, परत आत, पुन्हा तेच, मग बीप. आणि प्रत्येक वेळी मोटर अडून राहिली की बॅटरी पितो तो वेगळाच. तरी बरं, अल्कलाइन सेल घातलेत. रिचार्जेबल घालणाऱ्यांना परत एकदा सांगतो, चार सेलचे ६ व्होल्ट धरून लॉक बॅटरीचा अंदाज बांधतो, रिचार्जेबलचे होतात ४.८, मग इंडिकेटर काहीच्या काही दाखवतो आणि शेवटी इशारा न देता झोपतो. सेल संपले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवायचे दोन ठिपके असतात ते पाहूनच लॉक घ्या.

जॅमबद्दल ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर, पावसाळा. मिस्त्री तर रंधा घेऊनच आला, "भिया, लकड़ी फूल गई है, दो हाथ मार देता हूं." मी हात जोडले. लाकूड पावसात रुंदीला फुगतं, मान्य, पण मग झडपांमधली फट आवळायला पाहिजे ना, मी जुनं पोस्टकार्ड वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिलं, कुठेही अडकलं नाही. आणि फुगलेलं लाकूड रोज सकाळी वाळून संध्याकाळी परत कसं फुगेल? रंधा मारलेलं सागवान काही परत चिकटवता येत नाही, तेव्हा आधी खात्री करा.

मग आईच्या करंड्यातलं कुंकू घेतलं, खोबरेल तेलात कालवून बोल्टच्या टोकाला लावलं आणि संध्याकाळी जॅम होऊ दिला. हिशोब सोपा आहे, बिजागऱ्या खचून उजवी झडप खाली आली असती तर डाग पेटीच्या खालच्या ओठावर उमटला असता. तो उमटला खोलीकडच्या कडेवर! म्हणजे पेटीच रस्त्याच्या बाजूला सरकलेली, म्हणजे डावी झडप, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, ती हलतेय. मोजलं तर तीन-चार मिलिमीटर. पेटीतलं मॅग्नेट एवढ्या अंतरावरूनही लॉकला जाणवतं, म्हणून तो बिचारा दार बंद आहे असं समजून बोल्ट फेकतो आणि धडकतो.

होम असिस्टंट, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यातला लॉग काढला, सगळे जॅम स्कूटर आत घेतल्यानंतरचे. स्कूटरसाठी दोन्ही झडपा उघडतात, डावी परत लावताना खालचा टॉवर बोल्ट (उंबरठ्यातल्या भोकात जाणारी उभी कडी) पाडतात, आणि तो पुरता पडतच नाही. झोपताना बाबा त्याच्यावर टाच मारतात, जुनी सवय, म्हणून सकाळी सगळं छान.

उंबरठ्याच्या दगडातल्या भोकात बोट घातलं तर जेमतेम नख गेलं. आत रांगोळी! रोज उंबरठ्यावर घातलेली, रोज पाण्याने धुतलेली, वर्षानुवर्षं थरावर थर बसून पार सिमेंट झालेली, मधे गुलाबी रेघ सुद्धा दिसली, दिवाळीची असणार. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली, बोल्ट खळ्ळकन खाली गेला, आणि लॉक तेव्हापासून एकदाही बीपला नाही.

पण खरी भीती आता वाटतेय. इतके दिवस रोज संध्याकाळी, बाबा टाच मारेपर्यंत, ती डावी झडप फक्त वरच्या बोल्टवर उभी होती. बाहेरून कोणी खालच्या बाजूला जोरात खांदा मारला असता तर लॉक पेटीसकट, बोल्ट न सुटता, दोन्ही झडपा मिळून आत आल्या असत्या. आणि आपण इथे एन्क्रिप्शनवर वाद घालतोय! (लॉकसोबत आलेली, टेकवून दार उघडायची कार्डं मायफेअर क्लासिक जातीची निघाली, त्यांचं क्रिप्टो-१ हे एन्क्रिप्शन २००८ मध्येच फोडलं गेलंय, सगळी लॉकच्या मेमरीतून उडवली. फिंगरप्रिंट आणि पिन पुरे.)

म्हणून आता लांब टॉवर बोल्ट आणि ५० मिमीचे स्क्रू. भोकाला स्प्रिंगचं झाकण असलेलं डस्ट-प्रूफ सॉकेट हवंय, बोल्ट वर घेतला की झाकण वर येतं आणि रांगोळी आत जात नाही. इंदूरच्या सियागंज बाजारात सगळे साधी पितळी वाटीच पुढे करतात, एकाने तर "रांगोली बंद करवा दो" सांगितलं, आईला सांगायची हिंमत नाही. ऑनलाइन मागवलंय. सॉकेटसाठी दगड कोरताना ड्रिलचा हॅमर मोड अजिबात नको, डायमंड कोअर बिट आणि पाण्याची धार.

फोन जवळ आला की आपोआप उघडायचं ते ऑटोमेशन या महिन्यात करणार होतो, ते राहू दे. लिहिता लिहिता सुचलं, सॉकेटच्या तळाशी रीड स्विच (मॅग्नेट जवळ आलं की लागणारा) आणि बोल्टच्या टोकाला छोटं मॅग्नेट लावलं तर? लॉकचा स्वतःचा ऑटो-लॉक बंद करायचा, आणि उजवी झडप बंद अधिक डावीचा बोल्ट तळाला, दोन्ही असेल तरच झिगबी या वायरलेस जोडणीवरून लॉकचा हुकूम. नाहीतर बाबांच्या फोनवर मेसेज, "टाच मारा". अडचण एकच, धुण्याचं पाणी, स्विच इपॉक्सीत बुडवावा लागेल आणि लोखंडी बोल्टमुळे मॅग्नेटचं काय होतं ते टेबलावर आधी बघतो, पितळी बोल्ट मिळाला तर तोच. कोणी उंबरठ्यात असं काही बसवलं असेल तर वायर कुठून काढली तेवढं कळवा, चौकटीला भोक पाडायची परवानगी मला मिळणार नाहीये.