चौथा शनी आणि घराची कौलं

आज शनिवार. सकाळी पणजी शहरात मळा भागातल्या मारुतीला तेल वाहिलं आणि तसाच आईला घेऊन फोंड्याच्या जुन्या घरी गेलो.

माझी धनू रास. २९ मार्च २०२५ला शनी मीनेत आला, म्हणजे माझ्या राशीपासून चौथा; यालाच अडीचकी म्हणतात, शनीचा अडीच वर्षांचा खडतर काळ. चौथं स्थान घराचं, आईचं, मनाच्या स्वास्थ्याचं. सुरुवातीचे महिने नुसता धास्तावून होतो. मग वाटलं, एका राशीला अडीच वर्षं आणि पूर्ण फेरीला जवळजवळ तीस वर्षं घेणाऱ्या ग्रहाला घाईचे उपाय कसे पुरतील? त्याला नेमाचं, कष्टाचं काम हवं. तेव्हापासून दर शनिवारी घराचं एकच काम हाती घेतो.

आज पावसाआधी कौलं परतली, वाळवी लागलेले दोन वासे काढले. आई खाली खुर्चीवर बसून कुठल्या खोलीत कोण जन्मलं ते सांगत होती. चाळीस वर्षांत हे मी कधी नीट ऐकलंच नव्हतं!

(शनीची नजर तो असतो तिथून दहाव्या राशीवरही असते; चौथ्यातून ही दहावी दृष्टी थेट माझ्या राशीवरच पडते, म्हणजे माझ्यावर.) खांदे भरून आलेत, पण मन शांत आहे. पुढच्या शनिवारी विहिरीचा कठडा.