वऱ्हाडेंची ‘हाडे’ : सभासदांची यादी जुळवताना

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे सभासदांची नावे तीन वाटांनी आली होती. एक एक्सेल शीट कॉम्प्युटर सेंटरवाल्याने टाइप केलेली, दुसरी गटप्रमुखांनी मोबाइलवर भरलेल्या फॉर्ममधून तयार झालेली आणि तिसरी एका डीटीपीवाल्याकडची जुनी फाइल. बियाणे वाटपाच्या आधी तिन्हींची मिळून एक यादी हवी होती. हाताने जुळवायला बसलो असतो तर पेरणी उरकली असती, म्हणून मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडली.

डीटीपीवाली फाइल कृतिदेव फॉन्टातली. तिथे देवनागरी दिसते ती फॉन्टची कृपा, आत सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. ती आधी कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणली. त्यात सांगण्यासारखे काही नाही, कंटाळवाणे काम आहे.

खरी गंमत पुढे. ओळीतले शब्द सुटे करायला कुठल्याही इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सांगतात तसा बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस, म्हणजे ‘शब्दात बसणारी सलग चिन्हे शोध’, हा पॅटर्न लावला. ‘अमरावती’चे दोन तुकडे आले, ‘अमर’ आणि ‘वत’. ‘कापूस’चे तीन : क, प, स. काने, वेलांट्या, उकार सगळे गळाले. कारण असे की पायथनसोबत येणारे, पॅटर्न शोधणारे ‘आरई’ मॉड्यूल फक्त अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर यांनाच शब्दाचा भाग मानते. युनिकोडमध्ये क हे अक्षर आहे, पण काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात मोडतात. म्हणजे आपल्या भाषेतला जवळजवळ प्रत्येक शब्द मधोमध तुटणार.

शब्दाची हद्द दाखवणाऱ्या बॅकस्लॅश-बीचीही तीच गत. ‘गाव’ हे लेबल काढून टाकायला दोन्ही बाजूंनी हद्द लावली, तर ‘गावंडे’ आडनावातलेही ‘गाव’ सापडले. व नंतरचा अनुस्वार त्याच्या लेखी शब्दाबाहेरचा, म्हणून शब्द तिथेच संपला! विदर्भात गावंडे किती, ते सांगायला नको. शेवटी हद्दीचा नाद सोडला आणि ‘मागे-पुढे देवनागरी चिन्ह नसेल तरच’ अशी अट लुकबिहाइंड आणि लुकअहेडने घातली. ‘रेगेक्स’ नावाचे वेगळे मॉड्यूल पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने बसवले तर तिथे डब्ल्यूमध्ये मार्कही धरले जातात. पण ऑफिसच्या जुन्या मशीनवर जास्तीचे काही बसवायचे नव्हते, म्हणून मी सरळ कोड पॉइंटची, म्हणजे चिन्हांच्या युनिकोड क्रमांकांची, रेंज वापरली. देवनागरीचा ब्लॉक ०९०० ते ०९७एफ, एकूण १२८ जागा. त्यात दंड आणि ० ते ९ हे देवनागरी अंकही येतात, नावाच्या पॅटर्नमधून ते वगळावे लागतात.

एवढे झाल्यावर एक नाव तरीही तुटत होते. वऱ्हाडे. एका शीटमधून ते अख्खे यायचे, दुसरीतून ‘वर्’ आणि ‘हाडे’. आमच्या शिपाईभाऊंनी स्क्रीनकडे पाहून विचारले, “ताई, ह्या माणसाची हाडं कोनं मोडली?” मग प्रत्येक चिन्हाचे युनिकोड नाव छापून पाहिले. एका शीटमध्ये ऱ हे ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर, पुढे हलंत, पुढे ह. दुसरीत साधा र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर हे अक्षरे जोडून दाखवणारे, स्वतः न दिसणारे चिन्ह आणि ह. पडद्यावर ‘वऱ्हाडे’ आणि ‘वर्‍हाडे’ सारखेच. जॉइनरचा क्रमांक २००डी, तो देवनागरी ब्लॉकच्या बाहेर राहतो, म्हणून माझी रेंज तिथे थांबत होती.

अशा वेळी ‘न दिसणारी चिन्हे उडवून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. मराठीसाठी तो घातक आहे. जॉइनर उडवला की ‘वर्हाडे’ उरते, रफार ह च्या डोक्यावर जातो आणि नाव तिसरेच होते. शेतकऱ्यांची, दऱ्या, वऱ्हाड, सगळ्यांचे तेच. म्हणून आधी र-हलंत-जॉइनर या तिघांच्या जागी ऱ-हलंत घातले, आणि उरलेले जॉइनर त्यानंतर काढले.

एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा युनिकोडच्या नियमाने एका रूपात आणणे, यात कामी येत नाही, जॉइनरला ते हातच लावत नाही. मात्र र आणि सुटा नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असेल तर त्याचा ऱ करते. ड़ च्या बाबतीत उलट, एकजीव ०९५सी असेल तर त्याचे ड आणि नुक्ता असे दोन भाग करते. आमच्याकडे हिंदी कीबोर्डवर टाइप करणारे भरपूर, त्यामुळे ‘बड़नेरा’ दोन्ही तऱ्हांनी आलेले होते. एनएफसी करून नंतर ड मागचा नुक्ता काढला, सगळे बडनेरा झाले. वकील सभासदांपुढचे ‘ॲड.’ हेही दोन प्रकारचे निघाले. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या सवयीने अ वर चंद्र देणारे अजून आहेत, आणि या दोन्हींना नॉर्मलायझेशन एक मानत नाही. तिथेही हाताने नियम लिहिला.

एवढे करूनही नावावर सगळे ठरत नाही. तांड्यावर नाव, बापाचे नाव आणि राठोड हे आडनाव, तिन्ही सारखी असलेली माणसे सहज सापडतात. तिथे जमिनीचा गट नंबर लागतो, आणि तो कुणी ‘४७/२’ तर कुणी इंग्रजी अंकांत लिहिलेला. पायथनचा अंक शोधणारा बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही पकडतो, गुगल शीट्समधला पकडत नाही. तिथे चौकोनी कंसात ० ते ९ देवनागरीत वेगळे द्यावे लागतात. मी सगळे अंक एका लिपीत आणले आणि नाव, मौजा, गट नंबर अशी तिन्ही जुळली तरच नोंद एक धरली.

वरुड की वरूड, राऊत की राउत, यांवर मात्र पॅटर्न लिहायच्या भानगडीत पडले नाही. अशा संशयित जोड्यांची वेगळी शीट काढली आणि ज्या त्या गटप्रमुखाला पाठवून दिली. त्यांनी सातबारा पाहून खुणा केल्या.