सात छेद दोन

दुपारी चारच्या सुमारास फोर्टातल्या आमच्या ऑफिसात चहा येतो. तारेच्या स्टँडमध्ये सात ग्लास. परवा नव्याने लागलेला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे साडेतीन चहा." सगळे त्याच्याकडे बघतच राहिले. मुंबईत साडेतीन चहा कोण पितं? सात कटिंग पितात, म्हणजे सात अर्धे चहा. खालचा दोन गृहीतच असतो, वरचा आकडा हवा तेवढा वाढू दे.

मला हे मनापासून पटतं, कारण शाळेत मी अंशाधिक अपूर्णांकांच्या, म्हणजे सात छेद दोनसारख्या, अंश छेदाहून मोठा असलेल्यांच्या बाजूचा होतो. डोकं मोठं, पाय बारीक, दिसायला बेढब, पण कामाला तेच. गुणाकार आला की साडेतीनसारख्या पूर्णांकयुक्त साहेबांना बाजूला बसवायचं. छेदाने गुणा, अंश मिळवा, खाली छेद तोच ठेवा. आणि एवढं राबवून घेतल्यावर उत्तरात मात्र बाईंना पूर्णांकयुक्तच हवं! पुन्हा भागाकार, पुन्हा बाकी. ६३/८ वर थांबलं की अर्धा गुण गेला. (तो अर्धा गुणसुद्धा प्रगतिपुस्तकात कधी अर्धा दिसला नाही.)

आजोबांना ही कसरत ठाऊकच नव्हती. ते मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या पेढीवर होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, साडेतीनची औटकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ. गिरगावच्या चाळीत, गॅलरीत सुपारी कातरत बसले की मला हाक. "साडेतीन रुपये वार, सव्वादोन वार कापड. किती झाले?"

मी कठड्यावर बोटाने सात छेद दोन, नऊ छेद चार मांडायचो. त्रेसष्ट छेद आठपर्यंत पोचेतो सुपारी तोंडात गेलेली असायची.

"सात रुपये चौदा आणे."

"कसे?"

"दोन वारांचे सात. उरला साडेतीनचा पाव, ते चौदा आणे. त्यात काय मांडायचंय?"

रुपयाचे सोळा आणे होते तोवर हे असं सुरळीत निम्म्या-निम्म्याने चालत असे. १ एप्रिल १९५७ला नये पैसे आले. चौदा आण्यांचे झाले साडेसत्त्याऐंशी नये पैसे, आणि अर्ध्या नव्या पैशाचं नाणं तर निघालंच नव्हतं.

"मग तुम्ही किती घ्यायचात?" मी एकदा विचारलं.

"गिऱ्हाईक भांडखोर असलं तर सत्त्याऐंशी," आजोबा म्हणाले. "एरवी अठ्ठ्याऐंशी."