पाळण्यात न बसणाऱ्यांची बाग

गेल्या जूनमध्ये मी आईला घेऊन कोपनहेगनला गेले. आईचे वय 71 वर्षे आहे आणि उंचावरून खाली पाहिले की तिला भोवळ येते, त्यामुळे आयुष्यात ती कधीही पाळण्यात बसलेली नाही. कऱ्हाडजवळच्या पालीला, पौषातल्या खंडोबाच्या यात्रेत, आम्ही भावंडे पाळण्यासाठी रांगेत उभी राहत असू तेव्हा आमचे स्वेटर, चपला आणि भंडाऱ्याची पुडी सांभाळत ती एखाद्या दगडावर बसून राही. थीम पार्क हा माझ्या वाचनाचा जुना विषय आहे आणि त्यांतली काही मी पाहिलीही आहेत. मात्र सोबत येऊनही पाळण्यात न बसणाऱ्या माणसासाठी या ठिकाणी काय असते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो प्रश्न घेऊनच मी आईला डेन्मार्कला नेले, कारण या साऱ्या उद्योगाच्या सर्वांत जुन्या आणि आजही चालू असलेल्या ठिकाणांपैकी दोन तिथे एकमेकांपासून दहा-अकरा किलोमीटरवर आहेत.

सकाळी आम्ही लोकल गाडीने क्लाम्पेनबोर्गला उतरलो. स्थानकाजवळूनच राजाचे जुने शिकारीचे रान सुरू होते. बीच जातीच्या उंच झाडांखालून पंधरा मिनिटे चालल्यावर, वाटेत हरणांचा एक कळप पाहून, आम्ही बाकेन या करमणुकीच्या बागेत पोहोचलो. बाकेन म्हणजे टेकडी. इथे प्रवेशाला तिकीट नाही. या जागेचा इतिहास 1583 पासून सांगतात: किर्स्टन पील नावाच्या स्त्रीला या रानात एक झरा सापडला, त्याच्या पाण्याला गुण आहे अशी ख्याती झाली, वसंतात शहरातले लोक पाण्यासाठी येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग खाऊवाले, डोंबारी, विदूषकही आले. पुढे राजांनी शिकारीसाठी रानाला कुंपण घालून लोकांना मज्जाव केला आणि 1756 मध्ये पाचव्या फ्रेडरिकने ते पुन्हा सर्वांसाठी खुले केले. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे ही यात्राच की." मला तिचे म्हणणे पूर्ण पटले. पवित्र किंवा गुणकारी पाणी, ठरलेला ऋतू आणि गर्दीच्या आधाराने वाढलेला बाजार हा क्रम आपल्या कोणत्याही कुंडाकाठच्या यात्रेला लागू पडेल. बाकेनमध्ये 1932 चा लाकडी रोलर कोस्टर आहे. मी त्यात बसून आले तेव्हा आई झाडाखाली बसून हातगाडीवरचे आईस्क्रीम खात होती आणि तिच्या शेजारच्या डॅनिश आजीबाई तिला नातवंडांचे फोटो दाखवत होत्या.

संध्याकाळी आम्ही टिव्होलीला गेलो. ही बाग शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकासमोर, रस्ता ओलांडला की आहे. 1843 मध्ये ही जागा वेशीबाहेर, तटबंदीच्या पट्ट्यात होती आणि बागेतले तळे हा तिथल्या जुन्या खंदकाचाच उरलेला भाग आहे. गेओर्ग कार्स्टेन्सन या गृहस्थाने राजा आठवा ख्रिश्चन याच्याकडून पाच वर्षांचा परवाना मिळवला. लोक करमणुकीत रमले की राजकारणाचा विचार करत नाहीत, असे त्याने राजाला सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. 15 ऑगस्ट 1843 रोजी दरवाजे उघडले, आणि या बागेचे काम कधीच पूर्ण होणार नाही ही त्याची भूमिका टिव्होलीने आजवर पाळली आहे, कारण 1914 च्या लाकडी रोलर कोस्टरच्या आसपास नव्या पोलादी राइड्सही उभ्या राहिल्या आहेत. त्या लाकडी गाडीवर आजही एक कर्मचारी प्रवाशांमध्ये बसून हाताने ब्रेक लावतो. उतारावर आमची गाडी किती वेगाने सोडायची हे त्या माणसाच्या मनगटावर अवलंबून होते, आणि संगणकावर चालणाऱ्या आजच्या कोणत्याही गाडीत मला तशी माणसाची सोबत जाणवलेली नाही.

आईसाठी मी केवळ प्रवेशाचे तिकीट काढले होते, कारण इथे राइड्सचे पैसे वेगळे द्यावे लागतात. तळ्याकाठी फुलांच्या ताटव्यांसमोर तिला बाक मिळाला. मी तासाभराने परतले तेव्हा आजवर यात्रेत पिशव्या सांभाळताना दिसलेली आई मला तिथे दिसली नाही. तळ्यातली बदके, वाद्ये वाजवत गेलेले लाल डगल्यांतले मुलांचे पथक, बाक बदलून बसणारी वृद्ध जोडपी, हे सारे तिने मला क्रमाने सांगितले. तिला तिथे पाहुणीचा मान होता, आणि तो बागेच्या आखणीनेच दिला होता.

याच बागेत 1951 मध्ये वॉल्ट डिस्नी येऊन गेले होते. त्यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण मला या संदर्भात फार मोलाची वाटते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या दोन्ही मुली मेरी-गो-राउंडवर फिरत असत आणि ते बाकावर शेंगदाणे खात बसून असत. आईवडील आणि मुले यांना एकत्र आनंद घेता येईल अशी जागा असायला हवी, हा विचार त्यांना तिथे सुचला. म्हणजे आधुनिक थीम पार्कची मूळ कल्पना बाकावर ताटकळलेल्या माणसाची आहे. 17 जुलै 1955 रोजी अ‍ॅनाहाइममध्ये, संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या सुमारे 160 एकर जागेवर, 1 कोटी 70 लाख डॉलर खर्चून आणि एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीच्या आर्थिक साहाय्याने डिस्नीलँड उभे राहिले. कुंपण आणि तिकीट यांत नवे काही नव्हते, कारण न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1897 मध्येच स्टीपलचेस पार्क तसे सुरू झाले होते आणि 1903 च्या लुना पार्कने विजेच्या दिव्यांचा झगमगाटही दाखवला होता. डिस्नींनी भोवती मातीचा उंच बांध घालून बाहेरचे जग दृष्टीआड केले, एकच प्रवेशद्वार ठेवले आणि आतल्या प्रत्येक विभागाला एका कथेचा पोशाख चढवला. 1959 मध्ये तिथल्या मॅटरहॉर्न राइडसाठी पोलादी नळ्यांचा रूळ वापरला गेला. नळी हवी तशी वाकवता येते, त्यामुळे लाकडाला न झेपणारी वळणे शक्य झाली आणि आजचे उलटेपालटे फिरवणारे रोलर कोस्टर त्यातूनच पुढे आले.

माझ्या मते सर्वांत मोठा बदल मात्र तिकिटाचा होता. सुरुवातीला डिस्नीलँडमध्येही प्रवेशाचे आणि प्रत्येक राइडचे तिकीट वेगळे असे. 1982 मध्ये ती पद्धत बंद होऊन एकाच तिकिटात सर्व काही आले. रांगेत सतत पैसे काढण्याचा त्रास संपला हे खरे, पण त्या दिवसापासून बाकावर बसणाऱ्यालाही पाळण्यात बसणाऱ्याइतकेच पैसे पडू लागले. जगभरच्या बहुतेक मोठ्या पार्कांनी हीच पद्धत उचलली.

1983 मध्ये डिस्नीचे पार्क टोकियोजवळच्या उरायासूला, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आले. मी ते काही वर्षांपूर्वी पाहिले आहे. प्रवेशाच्या बाजारपेठेवर तिथे पावसासाठी काचेचे छत घातलेले आहे आणि मिरवणुकीच्या खूप आधीपासून कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्याच्या कडेला चटया पसरून शांतपणे बसतात. 1992 मध्ये पॅरिसजवळ सुरू झालेल्या पार्कमध्ये आरंभी जेवणासोबत वाइन मिळत नसे. फ्रेंच लोकांना ते रुचले नाही आणि पुढच्याच वर्षी नियम बदलावा लागला. 2016 मध्ये शांघायला मी अद्याप न पाहिलेले जे पार्क झाले, त्याच्या मध्यभागी मोठी बाग आहे, आणि तिची आखणी करताना नातवंडांसोबत येणाऱ्या आजीआजोबांचा विचार केला होता हे वाचून मला मनापासून आनंद झाला. टिव्होलीत जे तळ्याकाठी सहज आहे, ते इतका मोठा प्रवास करून पुन्हा पार्कच्या मधोमध आले आहे.

आपल्याकडे 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड आणि 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. आपली कुटुंबे अशा ठिकाणी तीन पिढ्यांनी मिळून जातात, बरोबर पोळीभाजीचा डबा असतो आणि आमच्या हवेत सावलीची किंमत डेन्मार्कपेक्षा किती तरी अधिक आहे. पुढचे पार्क आखताना राइड्सच्या आराखड्याआधी झाडांचा आणि बाकांचा आराखडा मांडला जावा, असे मला कळकळीने वाटते.

जूनमध्ये कोपनहेगनला दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिव्यांसाठी आम्ही बराच वेळ थांबलो. 1874 च्या मूकनाट्यगृहासमोर उघड्यावर उभ्या असलेल्या गर्दीत आई पुढे सरकली. या चिनी धाटणीच्या रंगमंचाला कापडी पडदा नाही. मोराचा मोठा पिसारा मिटतो आणि रंगमंच उघडतो. शब्दांवाचून चाललेले ते नाटक तिला अडल्यावाचून कळत होते. प्रयोग संपून पिसारा पुन्हा पसरला तेव्हा तळ्याभोवतीचे दिवे लागले होते. मी परतण्याविषयी विचारले, तर तिने जवळच्या बाकावर बसून पर्स मांडीवर घेतली आणि माझ्यासाठी शेजारी जागा केली.