सी नव्हे, डी

मे २०२५चा शेवटचा आठवडा. त्या वर्षी मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन ठेपला होता. वाडीवाडीत वीज सारखी ये-जा करत होती. अशात कुणकेश्वरच्या बाजूच्या एका घरून फोन आला. "भावजी, कॉम्प्युटर चालूच होणा नाय. फिरान फिरान तीच स्क्रीन येता."

वहिनी घरातूनच हापूसच्या पेट्या पाठवतात. रात्री विंडोज १०चं अपडेट चालू असताना वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण पंखे-दिव्यांपुरता. तेव्हापासून मशीन 'बदल मागे घेत आहे' म्हणायचं, रिस्टार्ट व्हायचं आणि पुन्हा तेच. कोणीतरी फोनवरच सांगून टाकलं होतं, फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका.

या सल्ल्याचा मला फार राग येतो. मारणाऱ्याचा तास वाचतो आणि समोरच्याचं वर्ष जातं. पावणेदोनशे गिऱ्हाइकांचे पत्ते, कोणाचे पैसे आले, कोणाची डागी पेटी बदलून द्यायची, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये होतं. दुसरी प्रत नाही. "विंडोज गेला तरी चलात," वहिनी म्हणाल्या, "माझो हिशोब जावक नको."

म्हणून आधी दुरुस्ती नाही, आधी फाइल. स्कूटरवरून माझा यूपीएस नेला होता, तो जोडला. या कामात पुन्हा वीज जाणं परवडत नाही. मग बूट होताहोता बटण दाबून दोन-तीनदा बंद केलं, तेव्हा रिकव्हरीची निळी स्क्रीन आली. तिथून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची काळी चौकट, आणि त्यात टाइप केलं फक्त 'नोटपॅड'. विंडोज चालू नसतानाही नोटपॅड उघडतं, आणि त्याच्या 'ओपन'च्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवडलं की डिस्कवरचं सगळं दिसतं, कॉपी-पेस्टही होतं.

सी ड्राइव्ह उघडला. आत काहीच नाही. वहिनींचा हात तोंडावर गेला. मी म्हटलं, थांबा. रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. नेहमीचा सी इथे कधीकधी डी होऊन बसतो. डी उघडला आणि डेस्कटॉपवर फाइल होती: 'आंबो २५'. पेनड्राइव्हवर पेस्ट केल्यावर चौकट गोठल्यासारखी झाली. कॉपी किती झाली ते तिथे दिसत नाही, नुसतं थांबायचं. सुटल्यावर माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली. वहिनींनी खाली स्क्रोल करत शेवटची नोंद स्वतः वाचली, मगच खुर्चीत बसल्या.

पुढचं काम वेळखाऊ, पण सरळ. 'लेटेस्ट क्वालिटी अपडेट काढून टाका' हा पर्याय आधी करून पाहिला, तो अडकला. मग डिझम या विंडोजच्याच दुरुस्तीच्या साधनाची कमांड दिली, अर्धवट राहिलेले बदल उलटवणारी 'रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स'. इथेही सी नव्हे, डी. ती नीट पार पडली. रिस्टार्टला मात्र चाळीस मिनिटं लागली. बाहेर पाऊस, आत यूपीएसची टिकटिक, मध्ये दोनदा वीज गेली. मशीन चालूच राहिलं. शेवटी लॉगइनची स्क्रीन आली.

अपडेट दुसऱ्या दिवशी नव्याने केलं, यूपीएस लावून. तो यूपीएस मी वहिनींकडेच ठेवून आलो, त्यांचा येईपर्यंत.

मी निघेपर्यंत त्यांनी फाइल उघडून फोन लावलाही होता. "नमस्कार, देवगडहून बोलतेय. तुमच्या दोन पेट्यांचे पैसे राहिलेत हं."