ओल्या गोधडीने दाखवलेला खिळा

पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या उतारावरील एका वस्तीवर गेल्या मे महिन्यात मी एका नव्या घरकुलाचा टेस्ट रिपोर्ट द्यायला गेलो होतो. घर ऊसतोड करणाऱ्या जोडप्याचे होते. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, ती दोघे गावी परतली, तोवर स्लॅब टाकून आतले फिटिंगही उरकलेले होते. वीजजोडणीच्या अर्जाचा ए-1 फॉर्म, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, आधार कार्ड असे सगळे कागद जमले होते आणि राहिला होता तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा, म्हणजे माझा, सही-शिक्क्याचा अहवाल. हा कागद कित्येक जण घराचा उंबरा न ओलांडताच भरून देतात आणि लोकही त्याला ‘सहीचे पैसे’ एवढ्याच नावाने ओळखतात. घर तपासल्याशिवाय मी सही करत नाही, याचा मला थोडा तोरा होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

आठवडाभर आधीच्या फेरीत मला अर्थिंगने अडवले होते. फिटिंग करणाऱ्याने ओट्याच्या कडेला मुरमात हातभर सळई ठोकून तिला हिरवी वायर गुंडाळली होती आणि अर्थ टेस्टरवर तिचा रोध 60 ओहम निघाला. घराच्या मालकाला मी हिशेब करून दाखवला: 230 व्होल्टला 60 ने भागले तर चार अँपिअरसुद्धा होत नाहीत; म्हणजे उद्या कूलरच्या पत्र्यात करंट उतरला, तर जादा करंट आला की आपोआप पडणारे बटण, म्हणजे 16 अँपिअरची एमसीबी, ढिम्म हलणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. “मग खड्डा कुठं घेऊ, तेवढं सांगा,” एवढेच तो म्हणाला. परसातल्या न्हाणीचे सांडपाणी जिथे जिरते तिथली माती उन्हाळ्यातही ओली राहते, म्हणून ती जागा मी खुणेने आखून दिली. दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा दोघा भावांनी अडीच मीटरचा पाईप पुरेल इतका खड्डा खणून ठेवला होता. ऊस तोडणाऱ्या हातांना कामाची मोजदाद सांगावी लागत नाही.

त्या दिवशी पोचताच आधी मेगर, म्हणजे वायरीतून करंट बाहेर झिरपतो का हे तपासणारे हँडलचे यंत्र, लावला. सगळे दिवे काढले, बटणे चालू केली, फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडले आणि त्या जोडापासून अर्थपर्यंतचा रोध 500 व्होल्टवर मोजला. किमान 1 मेगाओहम लागतो. काटा 20 वर स्थिर राहिला. मी आकडा लिहिला, खाली सही केली, शिक्का मारला आणि फॉर्म पिशवीत ठेवून अर्थिंगकडे वळलो. पाईप उभा करून भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. आता खड्ड्यात ओतायला चार-पाच घागरी पाणी हवे होते, आणि टँकर दोन दिवसांआड येणाऱ्या वस्तीवर ते मागायला जीभ रेटेना. घरातल्या ताई न्हाणीपाशी गोधड्या धूत होत्या. सहा महिने कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामावरच्या झोपडीत, अंथरलेल्या गोधड्या परत आल्यावर पहिल्यांदा धुवून निघतात. त्यांनीच विचारले, “साबणाचं पाणी चालंल का, दादा?” चालणार होतेच. गोधड्यांचे ते काळेभोर पाणी खड्ड्यात गेले आणि तासाभराने अर्थ टेस्टरने 7 ओहम दाखवले.

नव्या अर्थिंगची वायर बोर्डाला जोडल्यावर, केवळ हाताच्या सवयीने, मी मेगर पुन्हा लावला. काटा शून्यापाशी जाऊन बसला.

जोडताना माझीच वायर कुठे चेपली असेल, असे वाटून मी सगळे सोडवले आणि पुन्हा बांधले, तरी काटा तिथेच. मग एकेक सर्किट वेगळे केले. आतल्या दोन्ही खोल्या स्वच्छ निघाल्या. दोष ओट्यावरच्या दिव्याच्या वायरीत होता. त्या दिव्याचे बटण बंद केले की काटा वर जाई, चालू केले की खाली येई. मी बाहेर येऊन भिंत न्याहाळली. दाराच्या वर चार इंची खिळा ठोकलेला होता, त्याला वाळवणाची जाड तार होती, तारेचे दुसरे टोक लाकडी मेढीला बांधलेले होते आणि तारेवर नुकतीच टाकलेली ओलीचिंब गोधडी इतकी ओथंबली होती की तिची कड खालच्या ओल्या मातीला टेकली होती. मी गोधडी दोन्ही हातांनी उचलून धरली आणि मालकाला आत मेगरचे हँडल फिरवायला सांगितले. आतून आवाज आला, “चढला की वर!”

गिलावा फोडल्यावर उलगडा झाला. बोर्डापासून दिव्यापर्यंत वायरीचा पाईप सरळ वर आणि मग आडवा न्यायचा सोडून, हातभर पाईप वाचवण्यासाठी तिरपा टाकलेला होता. वरून गिलावा झाल्यावर तो तिथे असेल, हे कोणाला कळणार? खिळा पाईपात घुसून तांबड्या वायरीच्या तांब्याला भिडला होता. सकाळी भिंत कोरडी, तार कोरडी, मेढ कोरडी. करंटला जमिनीकडे जायला वाटच नव्हती, म्हणून माझा 20 मेगाओहमचा आकडा खरा होता आणि घर मात्र जीवघेणे होते. शिवाय ही वायर बटणाच्या पुढची. दिवसा तारेला हात लावून कोणी मेले नसते. पावसाळ्यात, सांजेला ओट्यावरचा दिवा लावून, कपडे काढायला कोणी गेले असते तर!

मी पिशवीतला फॉर्म काढून फाडला. म्हातारी सासू ओट्यावर बसून हे सगळे पाहत होती. ती सुनेला म्हणाली, “म्या म्हणत होते, गोधड्या उद्याच्याला धू.” त्यावर मी काहीच बोललो नाही.

पाईप सरळ रेषेत नव्याने टाकला, वायर बदलली, मेन स्विचपाशी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे झिरपू लागताच वीज तोडणारे बटण, बसवायला लावली आणि वाळवणाची तार भिंतीपासून दूर, दोन मेढींवर बांधून घेतली. मग ओली गोधडी मुद्दाम जुन्याच जागी भिंतीला टेकवून मेगर लावला आणि तो आकडा दुसऱ्या फॉर्मवर लिहिला.

जोडणीच्या खर्चाचे कोटेशन भरून झाल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात वायरमन मीटर घेऊन आले, तेव्हा मीही गेलो. जाण्याचे तसे कारण नव्हते. खांबावरून सर्व्हिस वायर आली, मीटरला सील लागले आणि ताईंनी ओट्यावरचा 9 वॅटचा बल्ब लावला. सगळे घर मीटरपुढे उभे राहिले, पण त्यावरचा लाल ठिपका लुकलुकेना.

“बंद हाय का काय, दादा?”

त्या मीटरवर 3200 imp/kWh असे लिहिलेले होते, म्हणजे युनिटभर विजेला इतक्या वेळा ठिपका पेटणार; एवढ्याशा बल्बाला एका वेळेसाठी दोन मिनिटांहून थोडे अधिक लागतात. मी तसे सांगितले, पण म्हातारीचा विश्वास बसला नाही. ती मीटरखालीच फतकल मारून बसली, आणि ठिपका लुकलुकला तेव्हा तो पाहिला तिनेच, कारण आम्ही सगळे बोलत होतो.